वरच्या वाडीतलं एक्स घर

१६ ऑक्टोबर

सुरेखा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र चुलीत घालशील, हे गृहीत धरूनच लिहायला बसले आहे. फोन तू उचलत नाहीस. आता लोधिवलीला भावाकडे राहतेस आणि वहिनीच्या खाणावळीत पोळ्या लाटतेस एवढं कळलं, पत्ता तुझ्या रियाच्या जुन्या फॉर्मवर सापडला. तेव्हा सरळ विचारते. मंगळवारी तू वरच्या वाडीत आली होतीस का?

रविवारी पोलिओचा बूथ झाला आणि सोमवारपासून घरोघर फिरणं. तुझ्या जागी नवी आशा सेविका आली आहे, नम्रता. पोरगी कामाला वाईट नाही, पण चढणीवर एक शब्द बोलत नाही. तू चढणीवरच जास्त बोलायचीस आणि वर पोहोचल्यावर दम लागला म्हणून माझ्याशी भांडायचीस.

आम्ही वाडीत शिरलो तेव्हा बारा वाजून गेले होते. खडूचं पुडकं नम्रताच्या पिशवीत होतं, फोडलेलंसुद्धा नव्हतं. आणि छायाच्या बंद दारावर खूण आधीच होती. आपल्याच पद्धतीची. टीम नंबर सात, त्या दिवसाची तारीख, पुढच्या घराकडे बाण आणि मधोमध मोठा एक्स.

अकरा वर्षं आपण दोघींनी दारोदार हेच लिहिलं. घरातल्या सगळ्या पोरांना डोस मिळाला की पी, एखादं राहिलं किंवा कुलूप असलं की एक्स. आणि एक्स घराला परत जायचंच, त्याचा पी होईपर्यंत. छायाचं घर दोन वर्षं बंद आहे, त्याला एक्स आला तर नवल नाही. पण एक्सच्या बाजूला राहिलेल्या मुलांचा आकडाही होता. एक.

नम्रता म्हणाली, "सिस्टर, तुमी आदीच येऊन गेला काय? अक्षर तुमचंच हाय."

मी बाटलीतल्या पाण्याने रुमाल भिजवला आणि खूण पुसली.

सुरेखा, तू काम सोडलंस ते तुझ्या मर्जीने. मी कुणाच्या कानाला लागले नव्हते. राग असेल तर माझ्यावर काढ, मला दोन शिव्या दे, पण नऊ महिन्यांचं पोर गेलं त्या दारावर असली चेष्टा करू नकोस. रियाचं नर्सिंगचं दुसरं वर्ष चालू असेल ना? तुझ्या लेकीच्या प्रवेशासाठी कोण कुणाच्या दारात उभं राहिलं होतं, तेवढं तरी आठव.

दिवाळीला ये म्हणत नाही. येणार नाहीसच.

संध्या

५ नोव्हेंबर

सुरेखा,

उत्तर नाही. बरं. माझ्याकडे सांगण्यासारखं साठलं आहे आणि उपकेंद्रात ते ऐकणारं कुणी नाही.

ती खूण पुसून मी मागे वळले तेव्हा दार ओलं होतं. वाडीतली बाकीची बारा घरं करून परत त्याच वाटेने उतरलो, तोवर फळी वाळली होती आणि एक्स जसाच्या तसा वर आला होता. मी नम्रताला म्हटलं, जुन्या लाकडात खडू मुरतो. ती "हो" म्हणाली. मला खूश ठेवायला म्हणाली असणार.

पण बाण बदलला होता. आधी तो बायजाच्या झोपडीकडे होता, म्हणजे छायाच्या सासूकडे, रीतसर पुढच्या घराकडे. आता तो खाली होता. पायवाटेकडे.

पुढच्या आठवड्यात मला पायवाटेच्या तोंडाशी, त्या मोठ्या कातळावर दुसरा बाण दिसला. नंतर ओढा ओलांडायच्या साकवाच्या खांबावर तिसरा. मग खालच्या गावातल्या समाजमंदिराच्या भिंतीवर. प्रत्येकाखाली टीम नंबर सात. पोलिओची फेरी संपून दोन आठवडे झाले, कातळांना कुणी डोस देत नाही आणि खांबांनाही नाही. गावातल्या एका म्हातारीने मला विचारलं, "ह्यो बाण कुनाच्या घरला जातोय गं बाई?" मी म्हटलं, पाण्याच्या पाइपलाइनची खूण आहे. खोटं बोलायला मला कधी वेळ लागत नाही, हे तुझ्याएवढं कुणाला माहीत.

हे सगळं भर दुपारी होतं, सुरेखा. रात्री झालं असतं तर मी भीतीला नावं ठेवून झोपले असते. पण लख्ख ऊन असतं, वाटेत सावलीसुद्धा नसते, आणि ताजा खडू असतो, बोट लावलं की भुकटी बोटाला येते.

आता दुसरी गोष्ट. तालुक्याहून पत्र आलं आहे. छायाने अर्ज केला आहे, एका वकीलबाईच्या मदतीने. लसीनंतर मूल दगावलं त्याची सरकारने भरपाई द्यावी असा. जुनी फाइल पुन्हा उघडली आहे आणि त्या दिवशी लस दिली त्या कर्मचाऱ्यांनी नव्याने जबाब द्यायचे आहेत. कर्मचारी दोनच, हे काही वेगळं सांगायला नको. तुलाही पत्र येईल.

पहिल्या चौकशीत निष्कर्ष काय निघाला होता, माहीत आहे ना? मृत्यूचा लसीशी संबंध नाही, आईने झाडपाल्याचा रस पाजल्यामुळे विषबाधेची शक्यता. बाटली दुपारी बारा दहाला उघडली, दोन चाळीसला डोस दिला, चार तासांच्या आत, सगळं नियमात. खाली माझी सही आणि तुझी सही.

मी तेच परत लिहिणार आहे. मला निवृत्तीला सहा वर्षं राहिली आहेत. तूही तेच लिही. एका तोंडाने बोललो तर दोघी सुटू.

बाण काल बाजारच्या रस्त्यापर्यंत आला. तिथून उपकेंद्र किती लांब, तू रोज चालत होतीस.

संध्या

२० नोव्हेंबर

सुरेखा,

तुझी माफी मागते, आधी हे.

नम्रताची मावशी लोधिवलीची निघाली. तिच्याकडून कळलं की दसऱ्याच्या आदल्या दिवशी तू खाणावळीच्या पायरीवरून पडलीस, पाय दोन ठिकाणी मोडला आणि तेव्हापासून खाटेवर आहेस. म्हणजे ऑक्टोबरात वाडी चढून येणारी तू नव्हतीस. मी तुला काय काय बोलले! आणि खरं सांगू, तू नव्हतीस हे कळलं तेव्हा वाईट वाटण्याआधी मी उठून दाराला आतून कडी घातली. तू असतीस तर बरं झालं असतं.

कारण खूण पोहोचली. सोमवारी दुपारी मी जेवायला क्वार्टरवर आले, तर माझ्या दारावर. टीम सात, तारीख, एक्स, आकडा एक. बाण नव्हता. बाण नसतो तो फक्त शेवटच्या घराला.

आणि खाली वेळ लिहिली होती. आपण दारावर कधी वेळ लिहीत नाही. नऊ पस्तीस.

हे वाचून तू डोळे मिटून घेतले असतील. ही वेळ जगात दोघींनाच माहीत आहे. मी कुणाला सांगितली नाही, तू सांगितली असतीस तर मी आज नोकरीत नसते. मग माझ्या दारावर ती कुणी लिहिली?

मी नखं पाहिली. उजव्या अंगठ्याच्या नखात पांढरं होतं. सकाळपासून मी खडू धरला नव्हता, निदान मला आठवतं तेवढ्यात तरी नाही. नम्रताला विचारलं, मी दुपारी कुठे जाते? ती घाबरली. म्हणाली, "सिस्टर, तुमी रोज बाराला भाईर पडता. इचारलं तर म्हनता, एक घर राह्यलंय."

मला यातलं काही आठवत नाही.

मग आठवतं ते तरी लिहिते. तुला माहीत असलेलंच लिहिते, कारण दोन वर्षांत मी ते एकदाही लिहिलेलं नाही आणि तालुक्याला द्यायच्या आधी हाताला सवय व्हावी.

त्या दिवशी खालच्या गावात सत्र होतं. गोवर-रुबेलाची बाटली मी नऊ पस्तीसला उघडली आणि लेबलवर वेळ टाकली. दोन पोरांना दिली. पाच डोसांच्या बाटलीत तीन उरले. सत्र संपलं की ती फेकायला हवी होती. पण त्या महिन्यात वाया गेलेल्या डोसांवरून मला सगळ्यांसमोर झापलं होतं आणि वरच्या वाडीत एक पोर बाकी होतं, छायाचा ऋतिक. म्हटलं एकासाठी दुसरी बाटली कशाला फोडा. वाटेत नेऊन देऊ, चार तास भरायच्या आत.

आणि वाटेत तुझ्या मामेबहिणीची हळद. तू म्हणालीस, "बाई, तोंडावर जेवन हाय, नाय जेवलो तर मानसं काय म्हनतील?" मी नको म्हटलं नाही. मलाही भूक होती. लसीचा डबा मांडवाच्या कडेला ठेवला. सावली सरकली ते दोघींनाही दिसलं नाही, हळदीची गाणी चालली होती, कुणीतरी माझ्याही गालाला हळद लावली. उठलो तेव्हा दीड वाजून गेला होता. डब्यातल्या बर्फाचं पाणी झालं होतं.

वाडीत पोहोचून तू मला बाजूला घेतलंस. "बाई, टाईम झाला. आज नको देऊ. पुढल्या बारीला येऊ." हे तू म्हणाली होतीस, सुरेखा. मी विसरले नाही. मी म्हटलं, पुढल्या वेळी छाया पोराला घेऊन वीटभट्टीवर गेलेली असेल, मग पोर राहून जाईल, एक्स घर माझ्या डोक्यावर बसेल. आणि मी सुई भरली. छायाने त्याला मांडीवर घट्ट धरलं होतं. माझ्या गालावर हळद होती म्हणून तो माझ्याकडे बघून हसला.

संध्याकाळपासून उलट्या, जुलाब, ताप. दुसऱ्या दिवशी सकाळी झोळीत घालून खाली आणताना साकवापाशी गेला.

लस वाईट नव्हती. हे मी मरेपर्यंत सांगेन. तीच लस दर महिन्याला पोरांना देते, रियाच्या पोरांनाही मीच देईन. उन्हात तासन्‌तास उघडी राहिलेली बाटली वाईट होती आणि ती माझ्या हातात होती. चौकशीला येणार म्हटल्यावर मी लेबल खरवडून बारा दहा लिहिलं. आणि छायाला मी विचारलं, पाल्याचा रस पाजला असशील ना? ती बिचारी रडून रडून अर्धी झाली होती. म्हणाली, कपाळाला लावला. मी कागदावर लिहिलं, पाजला.

त्या एका शब्दाने तिचं घर गेलं. काल बायजा भेटली. म्हणाली, "सरकारी कागदावं लिवलंय बाई, सून पोराला खाऊन बसली. माजा राजेस मंग तिला कसा नांदवील?" आणि पुढे अगदी सहज म्हणाली, "तुमी परत येनारच व्हता ना? एक्स घराला यावंच लागतं म्हनं."

तिला एक्स म्हणजे काय, हे कुणी सांगितलं? वाडीत कुणाला वाचता येत नाही.

तू सही केलीस, कारण मी म्हटलं होतं की रियाच्या प्रवेशाचा कागद माझ्या हातात आहे. मग आठ दिवसांनी काम सोडून निघून गेलीस. इतकी वर्षं तू माझ्या पुढे चाललीस आणि मी तुला त्या दिवशी विकत घेतलं. मला लाज वाटते.

संध्या

४ डिसेंबर

सुरेखा,

दिला जबाब. खरा.

नऊ पस्तीस लिहिलं, हळदीचं जेवण लिहिलं, मांडव, ऊन, लेबल, सगळं. "पाजला" हा शब्द मी माझ्या मनाने घातला हेही. तालुक्याच्या साहेबांनी दोनदा विचारलं, सिस्टर, कुणी दबाव आणलाय का? मी म्हटलं, हो. कुणी ते त्यांनी विचारलं नाही, म्हणून वाचले. निलंबनाचा कागद परवा हातात पडला. क्वार्टर पंधरा दिवसांत सोडायचं आहे. मी खोपोलीला बहिणीकडे जाईन.

तालुक्याच्या ऑफिसातून सरळ छायाकडे गेले. खालापूरच्या पुढे एका फार्महाउसवर झाडलोट करते. मला बघून तिने झाडू खाली ठेवला नाही. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती ओरडेल, झाडू मारेल. मारला असता तर हलकं वाटलं असतं. ती म्हणाली, "पैसं नंतर. आदी त्या कागदावं लिवा का मी पाला नाय पाजला. माज्या सासूला वाचून दावायचं हाय."

मग म्हणाली, "त्यो टोचताना हसला व्हता. तुमच्या गालाला बघून." तिलाही आठवत होतं.

मी रडले, सुरेखा. ती रडली नाही. तिने मला पाणी आणून दिलं.

आता नीट वाच. साहेब म्हणतात माझा जबाब एकटा पुरत नाही. जुन्या कागदावर दोघींच्या सह्या आहेत आणि दुसरी, म्हणजे तुझी, अजून बारा दहावर ठाम आहे. निलंबित बाईने उलटा जबाब दिला, असं म्हणून फाइल परत बंद होईल आणि पाला छायाच्या नावावर कायमचा राहील. वीस तारखेपर्यंत तुझा जबाब हवा. पाय मोडला आहे म्हटल्यावर ते घरी येऊन घेतील, मी विचारून ठेवलं आहे. रियाची काळजी करू नकोस. तो प्रवेश तिच्या मार्कांवरच झाला होता. माझ्या हातात कसलाच कागद नव्हता, तेही खोटंच होतं. तुला दोन वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

जबाब देऊन आल्यावर मी वाडीत गेले, खडू घेऊन. वाटलं, आता तरी त्या दारावर पी लिहावा. दारासमोर खूप वेळ उभी राहिले. सगळी पोरं मिळाली असली तरच पी लिहितात. मला ते अक्षर काढता आलं नाही. खडू उंबऱ्यावर ठेवून खाली आले.

वाटेतला एकही बाण शिल्लक नव्हता. कातळ कोरडा, साकवाचा खांब कोरडा. मी अगदी मोकळी होऊन आले, खरंच सांगते, तुझं ते चढणीवरचं गाणंही मनात आलं. नम्रता दारातच उभी होती. तिने सांगितलं की मी परत येईपर्यंत ती उपकेंद्राच्या पायरीवरून हलली नव्हती आणि माझ्या क्वार्टरकडे कुणी फिरकलं नव्हतं.

माझ्या दारावरचा एक्स तसाच आहे. एक आकडा तसाच आहे. नऊ पस्तीस तसंच आहे. फक्त आता त्याला बाण फुटला आहे. खाली उपकेंद्राकडे नाही आणि वर वाडीकडेही नाही. हायवेकडे, लोधिवलीच्या दिशेला. काल तो फाट्यावरच्या मैलाच्या दगडावर होता, आज चौक गावाच्या अलीकडे पुलाच्या कठड्यावर होता. मी एसटीतून पाहिला. अक्षर माझं नाही, सुरेखा. तुझ्या सातच्या आकड्याला मधोमध जी आडवी रेघ असते, ती आहे.

तू खाटेवर आहेस, मला माहीत आहे. तुझी नखं तेवढी बघ.

आणि दारावर खूण दिसली तर पुसत बसू नकोस. मी पुसून पाहिली आहे.

तुझी,
संध्या